आजोबा तबेल्यात जातात तेव्हा

काही महिन्यांपूर्वी एक भगिनी आपल्या वडिलांच्या औषधांची पिशवी घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या आणि त्यांनी ती टेबलावर उपडी केली. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना दिवसातून दोनदा घ्यायची होती. तिच्या पट्टीतल्या आठ दिवसांच्या सोळा गोळ्या जशाच्या तशा होत्या. “विचारले तर म्हणतात, डॉक्टरांनीच सांगितले आहे.”

मी तसे सांगितले नव्हते. परंतु जे सांगितले होते त्याचा सरळ अर्थ तोच निघत होता, हे मला रात्री घरी गेल्यावर उमगले.

या गृहस्थांना घरी सारे नाना म्हणतात. वय ७६. जयपूरच्या ६१ व्या कॅव्हलरीत, म्हणजे १९५३ साली जुन्या संस्थानांच्या घोडदळांतून उभ्या राहिलेल्या पलटणीत, त्यांनी तरुणपणी सवार म्हणून चाकरी केली. पत्नी गेल्यापासून ते घराबाहेर पडेनासे झाले होते. मग तेरा वर्षांचा नातू पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात दर रविवारी घोडेस्वारी शिकू लागला आणि त्याला सोडण्याचे काम नानांनी आपण होऊन अंगावर घेतले. एकदा रक्तदाब तपासून घेताना त्यांनी मला विचारले, “मी एकदा बसू का?” मी चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले, “ही गोळी चालू आहे तोवर घोडा विसरा.”

नानांनी घोडा विसरला नाही, गोळी थांबवली.

त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. अशा हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. ती होऊ नये म्हणून ही गोळी असते. तिचा परिणाम जेमतेम एक-दोन दिवस टिकतो. आठ दिवस नाना त्या संरक्षणावाचून हिंडत होते आणि कुणालाही कळण्यासारखे काही घडले नाही, हे आम्हा सर्वांचे नशीब. आपल्या घरात कुणाला ही गोळी चालू असेल, तर पट्ट्या अधूनमधून मोजाव्यात. संशय म्हणून नव्हे, सवय म्हणून.

पुढच्या रविवारी मी त्या तबेल्यात गेले. मला घोड्यांविषयी महाबळेश्वरच्या तळ्याकाठच्या फेऱ्यांपलीकडे काही ठाऊक नव्हते. तेथे वीसेक जनावरे होती. काही तबेल्याची, शिकवणीसाठी राखलेली. त्यांत शर्यतीतून निवृत्त झालेलीही होती. उरलेली शहरातल्या मालकांची. मालक मासिक आकार भरतात आणि तबेला त्यांच्या घोड्याचे सारे पाहतो: ठाण आणि पेंढ्याचे अंथरूण, वैरण, वेळच्या वेळी चंदी, दिवसाला पंचवीस-तीस लिटर किंवा अधिकही पाणी, खरारा, रोजची रपेट, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, आणि गरजेप्रमाणे पशुवैद्य. नवशिक्यांना रिंगणात लांब दोरीवर धरलेल्या घोड्यावर बसवतात. शिरस्त्राणाशिवाय कुणी रिकिबीत पाय ठेवत नाही. मालकीणबाईंचा हा नियम मला फार आवडला. सुट्टीच्या ठिकाणी आपण आजीबाईंना उघड्या डोक्याने घोड्यावर बसवून छायाचित्रे काढतो, तेव्हा हे कुणाला आठवत नाही.

वरच्या साऱ्या यादीत पाठीवर बसण्याचा भाग फार थोडा आहे. बाकीचे काम जमिनीवर उभे राहून करायचे असते.

आता बसण्याविषयी. घोड्यावर बसलेल्याचे डोके जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास असते. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या डोक्याला किरकोळ मार लागला तरी कवटीच्या आत रक्त साचू शकते आणि वृद्धांत त्याची लक्षणे कित्येकदा काही दिवसांनी, आठवड्यांनी दिसतात: डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यातला घोळ. म्हणून अशा व्यक्तीचे डोके कशावरही आपटले, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. हाडे ठिसूळ झालेली असतील, खुबा बदललेला असेल, तोल जात असेल, तर गोळी नसतानाही माझे उत्तर नकारार्थीच राहील. “मला सराव आहे” हा युक्तिवाद मी पूर्ण ऐकून घेते. सराव खरा असतो, परंतु मांडीचे हाड तेव्हाचे नसते.

काही वाचक लिस हार्टेल यांचे उदाहरण देतील. डेन्मार्कच्या या बाईंचे पाय पोलिओने गुडघ्याखाली अधू झाले होते, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले. त्यांच्यामुळे उपचार म्हणून घोडेस्वारीकडे जगाचे लक्ष गेले. चालत्या घोड्याची पाठ बसणाऱ्याचे कंबरेचे हाड जवळजवळ मानवी चालीसारखे हलवते, हे खरे. पण ते उपचार प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, दोन्ही बाजूंना माणसे चालत असताना करतात. पक्षाघातानंतर तोल सुधारण्यासाठी कुणाला तो मार्ग अजमावायचा असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. रविवारच्या शिकवणीच्या तासाला उपचार समजू नये.

नानांच्या हाती मालकीणबाईंनी खरारा दिला. मान, मग खांदा, मग बरगड्या, गोल गोल हात फिरवायचा, नंतर केसांच्या दिशेने ब्रश. वीस मिनिटांत नाना घामेजले. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला होता आणि मी लिहून दिलेले व्यायाम त्यांनी चार दिवसही केले नव्हते. तोच हात आता घोडीच्या पाठीपर्यंत पोहोचत होता. पाय बदलत उभे राहणे, बाजूला सरकणे, घोडी हलली की आपणही हलणे, हे तोल सावरण्याचे व्यायामच होत. खूर उचलण्याचे काम मात्र त्यांना वाकून करू देऊ नये, असे मी मोतद्दाराला बजावले.

आपल्या घरचे कुणी असे जाणार असेल, तर आधी धनुर्वाताची लस पाहावी. त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात. शेवटची लस दहा वर्षांपूर्वीची असेल किंवा आठवतच नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ असलेल्यांनी टोचल्यावर ती जागा दोन-तीन मिनिटे दाबून धरावी. दम्याच्या रुग्णांनी वैरण झाडली जात असताना तेथे थांबू नये. पायात बंद बूट हवेत, चप्पल चालणार नाही. घोड्याला थेट मागचे दिसत नाही, म्हणून आवाज देत डाव्या खांद्याकडून जावे, पाठीमागून कधीही नको. गाजर द्यायचे तर तळहात सपाट ठेवून. आणि दोरी हाताला गुंडाळू नये. घोडा बुजला तर पाचशे किलोंपुढे मनगटाचे काही चालत नाही. तबेल्यातील जनावरांची ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी होते का, हेही विचारावे. हा रोग माणसालाही होऊ शकतो. चांगला तबेला या प्रश्नाने रागावत नाही.

नाना आता मंगळवारी आणि रविवारी जातात. सकाळची गोळी ते घोडीच्या चंदीच्या वेळी घेतात, रात्रीची मुलगी समोर उभी राहून देते. नातवाने जीन नीट आवळले आहे की नाही, ते तेच तपासतात आणि नवीन मोतद्दाराचा खरारा धरण्याचा हात त्यांना मुळीच पसंत नाही.

रपेटीचा विषय संपलेला नाही. मागच्या तपासणीला म्हणाले, “नुसती पाच मिनिटे, कदम चालीने, दोरी धरून.” मी पेन खाली ठेवले, त्यांच्या मेंदूचे आणि हृदयाचे चित्र कागदावर काढले आणि पुन्हा नाही म्हणाले. नाना बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, “आणि घोडागाडी हाकली तर?”

त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.