शेडमधली हवा आणि तपासणीचा खर्च

मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून गेलेल्या चाकरमान्यांनी एक दुखणं सोबत आणलं. कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करणाऱ्याची छाती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून यायची. हा बिसिनोसिस. कारखाने कायद्याने तो सरकारला कळवण्याच्या आजारांत घातला. दोष कापसाच्या धुळीवर टाकून सगळे मोकळे झाले. पण 1987 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं, की श्वास किती घटतो हे धुळीच्या वजनापेक्षा तिच्यातल्या एंडोटॉक्सिनवर ठरतं. हा काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचा अंश. जिवाणू मेला तरी त्याचा उपद्रव उरतो.

सिंधुदुर्गात हे आठवायचं ते काथ्यामुळे. जुन्या पद्धतीत नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजवतात, आणि कुजवण्याचं काम जिवाणूच करतात. पुढे तंतू सुटा होताना भुसा उडतो, तो कामाला बसलेल्या बायकांच्या नाकातोंडात जातो. तेव्हा ही हवा तपासा, ही मागणी रास्तच आहे.

तपासायची कशी? कमरेला पंप, गळ्याजवळ फिल्टर, पाळीभर हवा ओढायची. मग प्रयोगशाळेत घोड्याच्या नालासारख्या एका सागरी प्राण्याच्या रक्तापासून केलेल्या द्रवाने मोजणी. फिल्टरवरचा अंश धुऊन काढण्याची रीत बदलली की आकडाही बदलतो. नेदरलँड्सच्या तज्ज्ञांनी 2010 साली घनमीटरला 90 एकक ही मर्यादा सुचवली. भारतात तशी कायदेशीर मर्यादा नाही. अहवालात 300 आले, तर कोण कुणाला जाब विचारणार? त्यात काथ्याच्या अनेक शेड इतक्या लहान, की कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. खर्च शेड चालवणाऱ्या बचत गटाच्या माथी मारला तर काम बंद पडेल, धूळ तशीच राहील.

आल्प्समधल्या शेतकऱ्यांच्या ज्या मुलांच्या घरात एंडोटॉक्सिन जास्त, त्यांच्यात दमा कमी आढळला, हाही दाखला कुणी देईल. पण तो लहानपणीचा परिणाम. रोज आठ तास भुशात बसणाऱ्या बाईला तो ऐकवणं क्रूरपणाचं होईल.

आमचं मत असं, की प्रत्येक शेडला दरवर्षी ही तपासणी लादू नये. आधी धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी व नंतर श्वास किती घटला हे दाखवणारी फुंकर-चाचणी घ्यावी. त्याला सागरी प्राण्याचं रक्त लागत नाही. तरीही एंडोटॉक्सिन एकदा नीट मोजायलाच हवं, कारण ओल धरलेल्या ढिगातून धूळ कमी उडूनही विष जास्त निघू शकतं. नुसतं वजन तिथे फसवतं. सरकारी खर्चाने निवडक शेड घ्याव्यात: पाण्यात कुजवलेली सोडणं वापरणाऱ्या काही, थेट यंत्रावर तंतू काढणाऱ्या काही. नमुने मे महिन्यात घ्यावेत, तसेच भर पावसातही, आणि अहवाल मालकाआधी तिथे काम करणाऱ्या बायकांच्या हाती द्यावा.