शाळेला कुलूप, घराला जुंपणी



३ सप्टेंबर २०२१ रोजी आपण हुबळी-धारवाड महानगरपालिकेसाठी मतदान केले. कुठे केले, आठवते? बहुतेकांनी शाळेच्या वर्गात. मतदानयंत्रासाठी ज्या वर्गांचे कुलूप निघाले, ते पहिली ते पाचवीच्या पोरांसाठी निघायला २५ ऑक्टोबर उजाडावा लागला. मार्च २०२० पासून मोजले तर एकोणीस महिने! त्या प्रचारात दारी आलेल्या उमेदवारांशी आम्ही गटारावर बोललो, खड्ड्यांवर बोललो, आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाच्या पाण्यावर तर घसा कोरडा होईपर्यंत बोललो. पण धाकटी मुले शाळेत कधी जाणार आणि तोवर घरातल्या बाईने काय काय सांभाळायचे, हे विचारण्याचे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. उमेदवारांना दोष कशाला द्यायचा? आम्हीच विचारले नाही.

आता कोणी म्हणेल, गेलेल्या गोष्टी कशाला उकरता? उकरतो, कारण त्या गेलेल्या नाहीत. जून २०२० मध्ये जे मूल पहिलीला बसले, म्हणजे बसलेच नाही, ते दहावीला पोचेल २०२९-३० साली. कर्नाटकाच्या ग्रामीण भागात २०२१ च्या सुरुवातीला ‘असर’ची पाहणी झाली, तेव्हा दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतल्या मुलांचे प्रमाण २०१८ च्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले होते. आपली मुले शहरातली, म्हणून आपण सुटलो असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या नातवाला आज एक पानभर मजकूर मोठ्याने वाचायला सांगावे.

सप्तापुराची गोष्ट निराळी आहे, तीही सांगितली पाहिजे. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या माडीवर भाड्याच्या खोल्या. क्लासला आणि कॉलेजला येणाऱ्या परगावच्या मुलांवर घरखर्च चाले. टाळेबंदी झाली आणि खोल्या एका आठवड्यात ओस पडल्या. म्हणजे भाडे बंद, आणि त्याच महिन्यात घरात दोन मुले असतील तर दोन मोबाईल हवेत! ‘वाडा आहे, शेत आहे, यांना काय कमी’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, वाडा मोडून मोबाईल मिळतो काय? जुन्या घराण्याचे आम्ही, मागायची लाज. त्या लाजेपायी किती सुनांनी गळ्यातले गहाण टाकले, हे सोप्यात बसून राजकारण बोलणाऱ्या आम्हा पुरुषांना उशिरा कळले.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. जून २०२० मध्ये पाचवीपर्यंत ऑनलाईन वर्गांवर बंदी आली, जुलैत उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. चंदन वाहिनीवर ‘संवेद’चे पाठ लागले. ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ सुरू झाले, शिक्षक देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली मुले जमवू लागले. रोग पसरू लागला म्हणून ऑक्टोबरात तेही थांबले. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने तर स्पष्ट सांगितले होते की पहिली ते आठवीला दिवसाकाठी दोनच तास घ्या, प्रत्येक तास तीस ते पंचेचाळीस मिनिटांचा. आमच्या घरातली मुले सकाळी नवापासून दुपारी एकपर्यंत पडद्यासमोर बसत होती, आणि गृहपाठाचा निरोप रात्री अकराला येत होता. आम्ही पालक तो नियम दाखवून एक ओळ लिहू शकलो असतो. लिहिली नाही. शाळेला वाईट वाटेल म्हणून!

आणि आज्जीचे काय? अभ्यासाला आज्जी बसवा, हा सल्ला सगळ्यांनी दिला. आज्जीची अक्षरओळख बालबोध, नातवाचे पुस्तक कन्नड किंवा इंग्रजी. बोलायला तिला दोन्ही भाषा येतात, वाचायला एकच. सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागत असे, पण ती बालभारतीच्या पाठांवर; आमच्या मुलांचा पाठ वेगळाच. तरी ज्या घरांत आज्जीने पुस्तक बाजूला ठेवून पाढे, परवचा आणि गोष्टी धरल्या, तिथली मुले कमी चिडली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. प्लेगच्या साथीत, १८९८ च्या सुमारास, गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिलेल्या आमच्या पणज्यांनी हेच केले असे घरांतून सांगतात. त्यांना कोणी रात्री अकराला निरोप धाडत नसे, एवढाच फरक.

आमच्या मंडळानेही त्या वर्षी गुणवंतांचा सत्कार केला. शाली वाटल्या. ज्याचे गुण घसरले त्या मुलाच्या घरी मात्र पदाधिकाऱ्यांपैकी कोणी गेले नाही. मुलगा बोलेनासा झाला, आई रात्र-रात्र जागी, आणि बेळगाव रस्त्यावर मनोविकारांची एवढी मोठी सरकारी संस्था असताना ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तिची पायरी चढायची नाही! आज १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ला घरबसल्या फोन करता येतो, तोही फुकट. किती घरांत हा क्रमांक भिंतीवर लिहिला आहे?

तेव्हा येत्या वार्षिक सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. मंडळाचे सभागृह लग्नाचे मुहूर्त सोडून एरवी बंदच असते. तिथे इंटरनेटची जोडणी घ्यावी, चार जुने संगणक ठेवावेत, संध्याकाळी दोन तास मुलांना बसू द्यावे. सत्काराच्या निधीतला निम्मा भाग अडल्या घराला गुपचूप देण्यासाठी राखावा, नाव जाहीर न करता. शाळा पुन्हा बंद करायची वेळ आली, मग ती साथीने असो की अतिवृष्टीने, तर धाकट्यांच्या शाळा सर्वांत शेवटी बंद आणि सर्वांत आधी सुरू, अशी लेखी मागणी नगरसेवकांकडे आणि आमदारांकडे आजच द्यावी. विरोध करणाऱ्यांनी सभेत उठून करावा, पारावर नको. आणि सभेला घरातल्या सुनांना घेऊन यावे, त्यांना बोलू द्यावे.