‘ब्लॉकेज नाही’ म्हणजे काय?



जळगाव-धुळ्याच्या बैठकांत साठी ओलांडलेल्या एखाद्या बाईच्या पिशवीतून हल्ली सीटी अँजिओग्राफीचा कागद निघतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत सौम्य प्लाक, अडथळा ५० टक्क्यांहून कमी, असं त्यावर असतं. घरच्यांनी त्याचा अर्थ लावून टाकलेला असतो, ‘ब्लॉकेज नाही, सोड.’ डॉक्टरांनी लिहून दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी मग महिनाभर चालते आणि बंद पडते. नवऱ्याची बीपीची गोळी मात्र न चुकता येते. ‘माले काय व्हयनं?’ म्हणून बाईही विषय संपवते.

केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत क्षार बसतात, तसंच हे असावं असं आपल्याला वाटतं. नळी तुंबली तरच काळजी! पण प्लाक साचतो तो रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत. वाट मोकळी दिसत असतानाही त्याचं पातळ आवरण फाटू शकतं, तिथं रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. स्टॅटिन गटातल्या गोळ्या (अॅटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन) वाईट कोलेस्टेरॉल उतरवतात आणि हे आवरण टिकाऊ करायला मदत करतात. म्हणजे गोळी वाट मोकळी करायला नसते, फुटणं टाळायला असते.

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांची सीटी अँजिओग्राफीही केली, त्यांच्यात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका २.३ टक्के, इतरांत ३.९ टक्के, असं २०१८ साली समोर आलं. शस्त्रक्रिया आणि स्टेंट दोन्हींकडे जवळपास सारखेच होते. प्लाक दिसल्यावर गोळ्या मात्र जास्त जणांना सुरू झाल्या. २०१५ साली २७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सारख्या धोक्याच्या स्त्री-पुरुषांना स्टॅटिनचा फायदाही सारखाच दिसला. त्या पावणेदोन लाख माणसांत बायका मात्र चौथ्या हिश्श्याहून थोड्याच जास्त होत्या. (इथेही आपण मागच्या रांगेत!)

पैशाचं म्हणाल, तर २०१२ साली राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळ्यात सुरू झालेली, आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी आरोग्य योजना अँजिओप्लास्टीचा खर्च उचलते. झटका टाळणारी रोजची गोळी तिच्यात बसत नाही. मला हे उलटं वाटतं. अॅटोरवास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सरकारी दवाखान्यात ती मागा, नाहीतर जनऔषधी दुकानात स्वस्तात पाहा.

प्रत्येकीने गोळी घ्यावीच असं मी म्हणत नाही. पंचाहत्तरीनंतर, आधी कुठलाही हृदयविकार नसेल, तर फायद्याचा पुरावा तितका भक्कम नाही. तिथं वय, साखर, रक्तदाब, मूत्रपिंड, इतर औषधं पाहून डॉक्टरांनी बाईशी बोलावं. बाईशी, तिच्या मुलाशी नव्हे. स्नायू खूप दुखू लागले, लघवी काळपट झाली, तर लगेच दाखवायचं. साधी अंगदुखी असेल तर आपल्या मनाने गोळी सोडायची नाही, डोस किंवा औषध बदलता येतं. अॅस्पिरिन कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये, त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

शेवभाजीची तर्री कमी करा, मशेरी सोडा, रोज चाला, हे आहेच. पण चालायला निघालेल्या सासूला ‘पोळ्या कोण करणार?’ असं विचारणारं घर असेल, तर पथ्याची चिठ्ठी त्या घरालाच द्यावी लागेल. पुढच्या बैठकीला येताना रिपोर्ट आणि औषधांची पाकिटं दोन्ही आणा. कुठली गोळी कधीपासून बंद आहे, आणि ती कुणी बंद केली, हे सगळ्याजणी मिळून पाहू.