हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर : विकण्याआधी दोन प्रश्न विचारा

घरातील संगीत संच सुधारू इच्छिणाऱ्या गिऱ्हाइकाला हल्ली हेडफोनसाठी वेगळा छोटा अ‍ॅम्प्लिफायर सुचविला जातो. ‘हा लावा, आवाज सुधारेल’ एवढेच सांगून माल हाती दिला जातो. आमच्या मते हे सांगणे अपुरे आहे. अपुऱ्या माहितीवर विकलेला माल एकदा खपतो, पण गिऱ्हाईक परत येत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर आवाजाला बळ देतो. ध्वनिमुद्रण खराब असेल तर खराबीच मोठी होऊन ऐकू येते. म्हणून पहिला प्रश्न असा : हेडफोन किती ओहमचा आहे? मोबाइलबरोबर वापरायचे बहुतेक हेडफोन १६ ते ३२ ओहमचे असतात. झेनहायझरचा एचडी ६०० मात्र ३०० ओहमचा आहे. दोघांनाही १ व्होल्ट दिला, तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात, ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३. संवेदनक्षमताही पाहावी लागते. पण मोबाइलवरच पुरेसा आवाज देणाऱ्या हेडफोनवर पैसे खर्च करायला लावू नयेत.

दुसरा प्रश्न : हेडफोन सध्या कशाला जोडता? अनेक जुन्या स्टिरिओ संचांत हेडफोनची जोडणी स्पीकरच्या वाटेवर मोठा रेझिस्टर टाकून दिलेली असते. कमी ओहमच्या हेडफोनचा त्यामुळे खर्ज बिघडू शकतो. अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ३२ ओहमसाठी ४ ओहम किंवा कमी. येथे स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरचाही खरा उपयोग होतो.

कारागीर बांधवांसाठीही यात काम आहे. टेप आणि रेडिओ दुरुस्तीचा धंदा आटला, तरी हातातील सोल्डरिंगची कला शाबूत आहे. ‘सीमॉय’ नावाचा साधा अ‍ॅम्प्लिफायर ऑप-अ‍ॅम्प आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. एका निनावी अभियंत्याने २०११ साली ‘ओ-टू’चा आराखडा मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. श्रेय देऊन आणि आराखडा न बदलता तो बनवून विकताही येतो. लागणारे भाग लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात शोधता येतात. प्रथम एक नग तयार करावा, मीटरने तपासावा, मगच ऑर्डर घ्यावी. आउटपुटवर डीसी व्होल्टेज आल्यास महागडा हेडफोन जळू शकतो, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगणे आपले काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते.

गरज नसेल तर ‘घेऊ नका’ म्हणणारा दुकानदार त्या दिवशी एक विक्री गमावतो. पण पुढच्या खरेदीला गिऱ्हाईक त्याच्याकडेच येते. छोट्या दुकानाचे खरे भांडवल हेच आहे.