बक कुठे थांबतो?

मुलांनो, वर्गातला फळा पुसायची आज कुणाची पाळी? राजू म्हणतो, "मीनाची." मीना म्हणते, "सुनीलची." सुनील म्हणतो, "मी कालच पुसला!" फळा मात्र तसाच! या टोलवाटोलवीला इंग्रजीत म्हणतात, 'पास द बक'.

'बक' म्हणजे डॉलर, असं कुणी म्हणेल. पण इथला 'बक' आला आहे चक्क पत्त्यांच्या जुगारातून! एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोकर नावाचा खेळ जोरात होता. त्यात पत्ते वाटायचं काम आळीपाळीने करावं लागे. पाळी कुणाची हे कळावं म्हणून त्या खेळाडूपुढे एक खूण ठेवत. तीच 'बक'. 'बक' म्हणजे नर हरीण. हरणाच्या शिंगाची मूठ असलेला चाकू खूण म्हणून ठेवत, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. ज्याला पत्ते वाटायचे नसत, तो 'बक' शेजाऱ्याकडे सरकवी. खेळात ते चालायचं. पुढे मात्र आपलं काम किंवा दोष दुसऱ्याच्या गळ्यात मारणं, असा त्याचा अर्थ झाला.

हॅरी ट्रुमन १९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनाही पोकरची आवड होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना मेजावर ठेवायची एक छोटी पाटी भेट मिळाली. ओक्लाहोमा राज्यातल्या एका सुधारगृहात ती तयार झाली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'द बक स्टॉप्स हिअर'. म्हणजे, जबाबदारी इथे थांबते, इथून पुढे ढकलायची सोय नाही!

त्याआधी दोनच महिने, ऑगस्टमध्ये, हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले होते. त्या निर्णयावर आजही वाद होतात. पण 'निर्णय माझा नव्हता' असं ट्रुमन कधी म्हणाले नाहीत. जबाबदारी घेतली म्हणून निर्णय बरोबर ठरतो, असं नाही हं! पण जबाबदार कोण हे कळलं, तरच जाब विचारता येतो आणि चूकही सुधारता येते.

आपली 'टोलवाटोलवी'ही खेळातलीच बरं का! विटी लांब टोलवली की टाळ्या मिळतात. काम टोलवलं तर ते कुणीच करत नाही.

आणि पालकहो, "कप कुणी फोडला?" या प्रश्नाला "मी" असं उत्तर आलं, तर आधी शाबासकी द्या, मग समज द्या. नाहीतर पुढच्या वेळी 'बक' थेट मांजरापर्यंत जाईल!