विक्रोळीचं माप आणि आपलं पाणी



मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या बनल्या. त्याच विक्रोळीत २०२३ साली चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटची विकास इंजिनं तयार झाली. ही मजल मोजूनमापून काम करण्याची आहे.

आणि आपण? दारं धरायची, सरी तुडुंब भरायची, वर म्हणायचं, "जादा पाणी, जादा ऊस." असं नसतं हो! जादा पाण्यानं खत वाहून जातं, रान खारवटतं. ठिबकनं पाणी आणि विद्राव्य खत मापून मुळाशी पडतं. पैसा लागतो, खरं; पण रान एकदा गेलं की पैशानंही लवकर परत येत नाही.

आमचं म्हणणं एवढंच : येत्या लागणीला निदान एक एकर ठिबकवर घ्या. नाही पटलं, तर आम्हाला बांधावर बोलवा आणि जाब विचारा.