नायकाविना शोध

गुवाहाटीहून आमच्या देवरूखला निघालेल्या पत्रावर ४१५८०४ हा पिनकोड असतो. तेथील टपाल कर्मचाऱ्याला देवरूख ठाऊक असण्याची गरज नाही. पहिल्या अंकावरून पत्र पश्चिम विभागाकडे वळते, पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे मर्म हे, की सर्वज्ञ कोणी लागत नाही. प्रत्येकाने पुढचा टप्पा जाणला की पुरे.

संगणकांच्या जाळ्यात मात्र आपण बहुधा उलट करतो. सारी माहिती एकाच ठिकाणी, आणि आपण सारे मागणारे! निकालाच्या दिवशी सर्वांनी एकच दार ठोठावले, की ते अडते. हे कसे टाळावे, ते शाळेतच शिकवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी संगणकही नको. समजा, ६४ मुले वर्तुळात बसली आहेत. क्रमांक ० ते ६३. प्रत्येकाने आपल्यापुढे १, २, ४, ८, १६ आणि ३२ जागांवर बसलेल्यांचीच नावे लक्षात ठेवायची. क्रमांक ० ला ४५ कडची वही हवी आहे. निरोप ३२ कडे जातो, तेथून ४०, मग ४४, मग ४५. चार टप्प्यांत काम झाले! कोणीही जास्तीत जास्त सहा टप्प्यांत सापडतो. मुले दुप्पट झाली तर टप्पा एकच वाढतो. दहा लाखांनाही २० पुरतात. २००१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘कॉर्ड’ पद्धतीचे तत्त्व हेच.

कोणती वही कोणी सांभाळायची, हे वहीच्या नावावरून गणिताने क्रमांक काढून ठरवतात. म्हणून ओझे साधारण सारखे वाटले जाते. पुढच्या दोघातिघांकडे प्रती ठेवल्या, तर एखादा उठून गेला तरी वही हरवत नाही. एकाच वहीला फार मागणी आली, तर प्रती वाढवाव्या लागतात.

नायक नाही म्हणजे गोंधळ, असे कोणी म्हणेल. पण येथे नायकाची जागा नियमाने घेतली आहे. मात्र कोणी खोटे उत्तर दिले, तर दाद मागायला वरिष्ठ नसतो. म्हणून मिळालेले पडताळून पाहण्याची सवय हवी. अशा जाळ्यात देवरूख आणि मुंबई यांचा मान सारखा. पण सारखा मान हवा, तर ओझ्याचा वाटाही उचलावा लागतो.

शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर मांडावा. ३२ मुले असतील तर शेवटची उडी गाळावी. आणि मध्येच एकाला उठवून, निरोप तरीही कसा पोहोचवायचा, हे मुलांनाच ठरवू द्यावे.